पेटीतला कागद बाहेर काढा
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं मनोगत)



आज बचत, कर्जफेड यावर बोलणार नाही. माझ्या घरचं सांगते.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. कमी बोलतो, नजरेला नजर देत नाही, भाजी भाताला लागली की ताटावरून उठतो. पण ११०३९ म्हणा, लगेच सांगेल, कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस. मधली स्टेशनंही क्रमाने सांगेल. नोकरी करीन तर रेल्वेतच, असं त्याचं ठरलेलं.

तो दहा वर्षांचा असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. आईने तो कागद पेटीच्या तळाशी ठेवला. का? तर लोकांना कळलं तर माझं लग्न जमणार नाही.

बारावीनंतर त्याने रेल्वेचा फॉर्म सर्वसाधारण उमेदवार म्हणून भरला. परकं शहर, केंद्रावर गर्दी-गोंगाट. त्यात वेळ संपला, अर्धा पेपर तसाच राहिला. घरी आल्यावर आठवडाभर कोणाशी बोलला नाही. मी गावोगाव योजना सांगत फिरते, आणि माझ्याच घरी दाखला नव्हता! त्याची लाज मला आजही वाटते.

आता कामाचं ऐका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर सरकारी नोकरीत आरक्षण मिळतं. एकूण आरक्षण ४ टक्के. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे गटांत मिळून आहे. म्हणजे जागा थोड्या आणि अभ्यास चुकत नाही. पण वयात १० वर्षांची सवलत मिळते. तिकीट लिपिकासारख्या पदांचा पहिला पेपर ९० मिनिटांचा असतो. लेखनिक घ्यायची परवानगी मिळाली तर १२० मिनिटं मिळतात. पेपर मराठीतूनही देता येतो.

भावाला इंजिन चालवायचं होतं. त्या पदाला दिव्यांग आरक्षण नाही, हे त्याला सरळ सांगितलं. दोन दिवस रुसला. मग आम्ही जाहिरात घेऊन बसलो. कोणत्या पदाला कोणतं दिव्यांगत्व चालतं, ते त्यात छापलेलं असतं. कारकुनीची पदं त्यानेच खुणा करून काढली. आकडे, नियम, ठरलेला क्रम, हे त्याला जमतं.

दाखल्यासाठी यूडीआयडीचा अर्ज सेवा केंद्रातून ऑनलाइन भरा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. लहानपणापासूनचे डॉक्टरांचे कागद सोबत न्या. परीक्षेच्या आधी मुलाला एकदा त्या शहरात फिरवून आणा, केंद्र दाखवा. एसटीने कसं जायचं, कुठे बसायचं, डबा कधी खायचा, हे कागदावर लिहून द्या.

भावाचा दाखला यंदा निघाला. नोकरी अजून नाही. पहाटे उठून गणितं सोडवतो. आईने दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवलाय.

तुमच्याही पेटीत असा कागद असेल. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल, तर बैठक संपल्यावर मला बाजूला घ्या. पुढच्या फेरीला आपण दोघी मिळून फॉर्म भरू.