केसाएवढे भिंग



भिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चष्मा येतो, घड्याळजीने डोळ्याला लावलेली नळी येते, नाही तर शाळेतील सूक्ष्मदर्शक येतो. ही भिंगे बहुधा काच घासून होत आली. काचेचा तुकडा वाटीसारख्या साच्यावर ठेवायचा, मध्ये ओली कुरुंदाची पूड घालायची आणि घासत राहावयाचे; मग त्याहून बारीक पूड आणि अखेरीस झिलई. परंतु ज्या भिंगाची रुंदी माणसाच्या एकदोन केसांइतकीच असावयाची, ते घासावे कसे? हा प्रश्न केवळ कारागिरीचा नाही. रक्तवाहिनीच्या आत शिरून तिच्या भिंतीची स्थिती पाहता येईल की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रश्न जुना आहे. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक युक्ती सांगितली. काच तापवून तिचा बारीक तंतू ओढावा व त्याचे टोक ज्योतीत धरावे. ते वितळून त्याचा आपोआप गोल मणी होतो. पावसाचा थेंब ज्या पृष्ठताणाने गोल होतो, त्यानेच हा मणी घडतो. पुढे डेल्फ्ट शहरातील कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याने एकाच इवल्या भिंगातून सूक्ष्मजंतू पाहिले; पण आपली भिंगे करण्याची रीत त्याने गुप्त ठेवली. तो १७२३ मध्ये वारला. २०२१ साली त्याच्या उपलब्ध उपकरणांपैकी सर्वांत प्रभावी सूक्ष्मदर्शक न उघडता न्यूट्रॉनच्या साहाय्याने तपासला, तेव्हा आत असा वितळवून केलेला मणीच आढळला!

परंतु ज्योत केवळ गोल मणी देते, आणि गोल मण्यातून दिसणारे चित्र कडेला अस्पष्ट होते. स्पष्ट चित्रासाठी निरनिराळ्या वक्रतेची दोनतीन भिंगे एकापुढे एक लागतात. म्हणजे, उष्णतेचे बळ हवे. पण ते नेमक्या जागी आणि नेमक्या क्षणापुरतेच हवे. १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी पहिला लेसर चालविला आणि असे बळ हाती येण्याचा मार्ग दिसू लागला.

प्रथम क्षणाचा विचार करू. लेसरचा मारा रेंगाळला, तर उष्णता आजूबाजूस पसरते, काच तडकते. यास्तव प्रकाशाचे अत्यंत अल्पकालिक ठोके वापरतात. एका सेकंदात पृथ्वीला सातांहून अधिक फेऱ्या घालील असा हा प्रकाश. पण अशा एका ठोक्याच्या अवधीत तो केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही. इतके थोडके ठोके प्रबळ करण्याची रीत डॉना स्ट्रिकलँड व जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये दाखविली. २०१८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. अशा ठोक्यांनी काच कणाकणाने उडविता येते. उरलेला खडबडीतपणा दुसऱ्या, काचेत शोषल्या जाणाऱ्या लेसरने वरचा पातळ थर वितळवून घालवितात. येथे पुन्हा पृष्ठताणच झिलई करतो; हूकची युक्ती नव्या रूपाने कामास येते.

आता जागेचा विचार. १९३० साली गटिंगेन येथे मारिया ग्योपर्ट या तरुण विदुषीने आपल्या प्रबंधात असे गणित मांडले, की पदार्थाचा एक अणू प्रकाशाचे दोन कण एकाच वेळी शोषू शकेल. मात्र अशी जोडगाठ पडण्यास प्रकाश फार दाट हवा. दाटी दसपट घटली, तर संभव शंभरपट घटतो. प्रत्यक्ष पडताळा १९६१ मध्ये, लेसर आल्यावरच मिळाला. तीस वर्षे कागदावर राहिलेल्या या गणितावर आजची भिंगे उभी आहेत.

कशी, ते पाहा. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा एक थेंब घेतात. लेसरचा किरण त्यातून आरपार जातो. पण जेथे तो एकवटला आहे, त्या बिंदूतच दोन कणांची जोडगाठ पडते आणि तेवढाच द्रव घट्ट होतो. संगणकाच्या आज्ञेने हा बिंदू हलवीत भिंग जणू लिहून काढतात. उरलेला द्रव धुऊन टाकला, की काम झाले. जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली केसासारख्या बारीक प्रकाशतंतूच्या टोकावर या रीतीने अनेक भिंगांची मालिका उभी केली. ती इंजेक्शनच्या सुईत मावेल एवढी होती.

२०२० मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील संशोधकांसह अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशी तपासनळी तयार केली. तंतूच्या टोकावरील भिंगातून प्रकाश भिंतीवर पडतो, आतल्या थरांवरून परततो, आणि त्यावरून त्या थरांचे चित्र उमटते. उंदरांच्या व रोगग्रस्त मानवी धमनीवर तिची चाचणी झाली. रक्तवाहिनीत साचणारी मेदाची गाठ बाहेरून निरुपद्रवी वाटते; ती फुटली म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो. कोणती गाठ फुटण्याजोगी आहे हे आधी ओळखता आले, तर कितीतरी घरांतील कर्ती माणसे वाचतील.

अर्थात मर्यादाही आहेत. बिंदूबिंदूने लिहिण्यास वेळ लागतो. हा घट्ट झालेला द्रव काचेइतका टिकाऊ नाही. उंदरावरील चाचणीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा मार्गही लांबचा असतो. तरीही दिशा स्पष्ट आहे. प्रचंड बळ मिळविणे हा विज्ञानाचा एक पराक्रम. तेच बळ केसाच्या टोकावर, निमिषाच्या अंशापुरते आवरून धरणे हा दुसरा. रोग्याला उपयोगी पडतो, तो बहुधा हा दुसराच.