फोटोतला मोकळा रस्ता

मुंबईचे जुने कृष्णधवल फोटो हल्ली मोबाइलवरून घरोघर फिरत असतात. फ्लोरा फाउंटन, बोरीबंदर, क्वीन्स रोड. मधून ट्राम चाललीय, कडेला गोल पाठीच्या दोन-चार मोटारी, एखादी व्हिक्टोरिया घोडागाडी, आणि बाकी रस्ता मोकळा. खाली कुणीतरी लिहितं, ‘काय दिवस होते!’ मला मात्र आधी वेगळीच शंका येते. हा रस्ता इतका मोकळा का?

अगदी जुन्या फोटोंचं उत्तर कॅमेऱ्यातच आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नाणावलेले छायाचित्रकार. तेव्हाच्या काचेवर चित्र उमटायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात चालता माणूस चौकटीतून निघूनही गेलेला असायचा. इमारत उमटायची, उभा बैल उमटायचा, पाटी घेऊन लगबगीनं निघालेला हमाल पुसला जायचा. त्या फोटोंतली मुंबई ओस दिसते ती अशी. प्रत्यक्षात ती तेव्हाही गजबजलेलीच होती.

मोटारींच्या काळातल्या फोटोंची गोष्ट निराळी. इथे कॅमेरा प्रामाणिक आहे, रस्ता खरोखरच मोकळा होता. पण त्यामागे काय होतं ते फोटोत येत नाही.

त्याआधी थोडं विषयांतर करतो, कारण हा माझा आवडता खेळ आहे. फोटोचं साल ओळखणं. पुष्कळ जण मोटारीवरून ओळखायला जातात आणि हमखास फसतात. डॉज, प्लिमथ, शेव्हरोले अशा अमेरिकन गाड्या इथे वर्षानुवर्षं दुरुस्त करकरून चालवल्या गेल्या. म्हणजे गाडी चाळीसच्या दशकातली असली तरी फोटो साठच्या दशकातला असू शकतो. त्यापेक्षा ट्राम पाहा. घोड्यांची ट्राम १८७४ ला आली, विजेची १९०७ ला, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. दुमजली बस दिसली तर फोटो १९३७ नंतरचा. काळा घोडा हा पुतळा तर फारच मदतीला येतो. घोड्यावर राजपुत्र बसलेला असेल तर फोटो १९६५ च्या आधीचा, कारण त्या वर्षी तो पुतळा तिथून हलवला, पुढे राणीच्या बागेत गेला. घोडाच नसेल तर फोटो मधल्या काळातला. आणि घोडा आहे पण स्वार नाही, तर तो २०१७ नंतरचा, मग त्याला कितीही पिवळट रंग फासलेला असो!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गाड्या कमी का होत्या? अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीचा शिवडीला कारखाना होता. तिथे १९२८ पासून सुटे भाग आणून मोटारी जोडत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि १९४७ पासून कुर्ल्याला गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं, की नुसते भाग जोडून चालणार नाही, गाडी इथेच बनवायला हवी. जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला. आयात जवळजवळ बंद झाली, उत्पादनावर परवान्यांचा लगाम आला. पैसे हातात असूनही प्रीमियरच्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. मोकळ्या रस्त्याच्या त्या फोटोत ही रांग कुठेच दिसत नाही. म्हणून ‘तेव्हा लोक समाधानी होते’ असं कुणी म्हणालं, की मला हसू येतं. समाधानी कसले, यादीत होते!

तरी त्या गाडीवर माझा जीव आहे, हे कबूल करतो. पहिली ती डुक्कर फियाट. तिचे पुढचे दरवाजे उलटे, पुढून मागे उघडणारे. मग डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे सलग बाक, आणि टॅक्सीत चालकाशेजारी दोघं दाटीवाटीनं बसायचे. मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला. चालक खिडकीतून हात काढून तो पाडायचा, त्याचा तो खट्ट आवाज झाला की पैसे सुरू. वर सामानाला कॅरिअर, आत छताला फुलाफुलांचं कापड. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. त्याच्या दीड महिना आधी बेस्टच्या जुन्या डिझेलवरच्या दुमजली बसही थांबल्या होत्या. दोन्ही वेळी हार घातले गेले, फोटो काढले गेले. मे महिन्यात इंजिनाची धग पायाशी घेऊन, ते जड स्टिअरिंग दिवसभर ओढणाऱ्या चालकाला मात्र किती हळहळ वाटली असेल, याची मला शंका आहे. गहिवर बहुतेक मागच्या सीटवरच्यांना येतो.

मग या फोटोंत हेवा करावा असं काहीच नाही का? आहे. मोटारींवरून नजर काढून माणसांकडे पाहा. ट्राम रस्त्याच्या मधोमध धावायची, तेव्हा चढणारा-उतरणाराही मधोमधच. हातगाडीवाला, डबेवाला, धोतराचा सोगा धरून निघालेला कारकून, सगळे रस्त्याच्या मध्यभागी, आणि मोटार त्यांच्यातून वाट काढत चाललेली. ट्राम गेली, रुळांवर डांबर चढलं, आणि मधली जागा वाहनांची झाली. पायी माणूस कडेला सरकला. पुढे कडेच्या फुटपाथवरही गाड्या उभ्या राहू लागल्या.

जुन्या गाड्या ज्यांना जपायच्या त्यांनी खुशाल जपाव्यात, त्यांची चाकं पुसताना पाहायला मलाही आवडतं. पण तसा एखादा फोटो पुन्हा हातात आला, तर त्यातला काळी टोपी घातलेला, बगलेत छत्री मारलेला माणूस शोधा. तो भर दुपारी फ्लोरा फाउंटनचा रस्ता तिरका ओलांडतोय आणि मागे वळूनही पाहत नाही. त्याच्याकडे मोटार नव्हती, आणि त्या क्षणी त्याला तिची गरजही दिसत नाही.