हृदयाचे चित्र आणि हृदयाची तहान



आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांच्या विम्याच्या कागदांमागे धावता धावता जे वाचले, विचारले, तेवढीच आमची शिदोरी. छातीत दुखू लागले की कामगाराच्या हाती तीनचार तपासण्यांची चिठ्ठी पडते, आणि तो विचारतो, यांतली खरी कोणती?

आमचे म्हणणे असे की, या तपासण्या एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नसेल, तर नळ कोठे गंजला हे पाहणे एक, आणि सकाळी सगळे नळ सुटले असता वरचा हंडा भरतो का हे पाहणे निराळे.

अँजिओग्राफी पहिल्या जातीची. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून रंगद्रव्य नकळत एका रोग्याच्या उजव्या हृदय-रोहिणीत गेले. हृदय थांबले, रोग्याला खोकायला लावले, ते पुन्हा चालू झाले. त्या अपघातातून ही विद्या निघाली! सी.टी. अँजिओग्राफीत नळी हृदयापर्यंत न्यावी लागत नाही, हाताच्या शिरेत रंगद्रव्य टोचले की भागते. तीत रोहिण्या स्वच्छ दिसल्या तर बव्हंशी निर्धास्त व्हावे. परंतु भिंतीत कॅल्शियम फार साचले असेल, तर अरुंदपणा आहे त्याहून मोठा भासतो.

हृदयाला ताण देऊन केलेली इको किंवा थॅलियमची तपासणी दुसऱ्या जातीची. स्नायूला श्रमाच्या वेळी रक्त पुरते का, हे ती सांगते. इकोत किरणोत्सर्ग नाही, पण पाहणाऱ्याची नजर मुरलेली हवी.

मग श्रेष्ठ कोण? अमेरिकेत सुमारे १०,००० रोग्यांत दोन्ही जातींची तुलना झाली. २०१५ सालच्या निकालात फरक दिसला नाही. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रोग्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तपासणीबरोबर सी.टी.ची जोड दिली. पाच वर्षांत झटका वा हृदयरोगाने मृत्यू त्यांच्यांत २.३ टक्के, इतरांत ३.९. चित्राने कोणी बरा होत नाही. चित्र पाहून योग्य माणसाला गोळ्या मिळाल्या, असा त्याचा अर्थ लावतात.

आमची खरी तक्रार पुढची आहे. पडद्यावर अरुंद रोहिणी दाखवली की घरचे मंगळसूत्र गहाण पडते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ५,१७९ स्थिर रोग्यांच्या पाहणीत, आधी औषधे दिलेल्यांपेक्षा लगेच स्टेंट वा बायपासकडे नेलेल्यांत मृत्यू काही कमी झाले नाहीत; छातीतले दुखणे मात्र अधिक हटले. तेव्हा दुखणे स्थिर असेल तर विचारायला दोन दिवस मिळतात. बसल्या जागी छाती आवळून घाम फुटला, तर मात्र तुलना करीत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे, तेथे पहिला ई.सी.जी.च निघतो.