यंत्राने कोठे थांबावे?



मनावरचा भार हलका करण्यासाठी संगणकाशी बोलावे, ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाच्या आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. तिला अर्थ म्हणून काहीच कळत नव्हता. बोलणाऱ्याच्या वाक्यातील एखादा ठळक शब्द ती हेरी, ‘माझे’च्या जागी ‘तुमचे’ घाली आणि त्याच वाक्याचा प्रश्न करून परत देई. ओळखीचा शब्द न सापडल्यास ‘पुढे सांगा’ एवढेच म्हणे. ही आज्ञावली घडताना पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीही तिच्याशी चार वाक्ये बोलल्यावर वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! निर्माता या प्रसंगाने सुखावला नाही, अस्वस्थ झाला. १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी काही कामे यंत्रावर सोपवूच नयेत, अशी भूमिका मांडली.

‘वोबॉट’ या चॅटबॉटची रचना अधिक विचारपूर्वक झाली होती. त्याची उत्तरे माणसांनी आधी लिहून ठेवलेली असत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७० तरुणांचा समावेश होता. दोन आठवड्यांनंतर, केवळ माहितीपुस्तक मिळालेल्यांपेक्षा वोबॉटशी बोलणाऱ्यांत उदासीनतेची लक्षणे अधिक घटलेली आढळली. चिंता मात्र दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. संख्या लहान, कालावधीही अल्प. तेव्हा हर्षभरित होण्याचे कारण नाही. ते ॲप ३० जून २०२५ रोजी बंद झाले.

अशा साधनाचे खरे काम छोटेच असते. ‘साहेबांनी आज पाहिलेही नाही, म्हणजे नोकरी गेलीच,’ असे कोणी लिहिले, तर त्याने उपदेश करू नये. घडले काय आणि मनाने जोडले काय, एवढे वेगळे करून विचारावे. साहेब घाईत असण्याची शक्यता माणसाच्या स्वतःच्याच मुखातून यावी. मग दोन मिनिटे संथ श्वास, आणि संवाद संपवावा. माणसाला तासन्‌तास खिळवून ठेवणारा चॅटबॉट धंद्याच्या दृष्टीने यशस्वी असेल. ताणाच्या दृष्टीने तो नवे व्यसनच होय.

मराठीत ही रचना इंग्रजीहून अवघड आहे. ‘मी थकले’ या वाक्याचे ‘तुम्ही थकलात’ करताना केवळ सर्वनाम बदलून भागत नाही, क्रियापदही बदलावे लागते. आजोबांना ‘तू’ म्हटले की संवाद तेथेच संपला. आणि मराठी माणूस ‘ताण’ हा शब्द क्वचितच उच्चारतो. त्याचे डोके जड होते, जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही. फार झाले तर ‘टेन्शन’ येते.

याहून गंभीर अडचण ‘जीव नकोसा झाला’ या शब्दांची. वैशाखातल्या उकाड्यानेही जीव नकोसा होतो आणि खऱ्या निराशेनेही. शब्द जुळवणाऱ्या यंत्राला हा भेद कळणे शक्य नाही. तेव्हा त्याने तर्क न करता सरळ विचारावे : ‘स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येतो का?’ उत्तर होकारार्थी वा संदिग्ध असल्यास श्वासाचे व्यायाम बाजूला ठेवून माणसाकडे वाट दाखवावी. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

आज स्वतः वाक्ये रचणारी यंत्रे आली आहेत. त्यांचे बोलणे ओघवते असते, पण पुढचे वाक्य काय येईल हे कोणी आधी वाचलेले नसते. ठरावीक उत्तरांचा साधा चॅटबॉट कंटाळवाणा खरा. तथापि त्याच्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी घेणारा माणूस दाखवता येतो.

राहिली गोष्ट गुप्ततेची. अनेक घरांत एकच मोबाईल सासू, सून आणि नातू असे तिघे हाताळतात. सुनेने रात्री लिहिलेले सकाळी सासूच्या नजरेस पडणार असेल, तर ती खरे लिहिणारच नाही. म्हणून प्रत्येक संवादाच्या अखेरीस ‘हे पुसून टाकू का?’ हा प्रश्न ठळक अक्षरांत असावा, आणि ‘हो’ म्हटल्यावर ते खरोखरच पुसले जावे.