खुराड्यातला दिवा

थंडी पडली की घरच्या कोंबड्यांची अंडी कमी होतात. आमची अम्मी म्हणायची, "गारठल्यात बिचाऱ्या." मग ती खुराड्यावर पोतं टाकी, मूठभर बाजरी जास्त घाली. अंडी मात्र येत नसत.

२००१ साली रमजान नोव्हेंबर-डिसेंबरात आला होता. सहरीसाठी अम्मी पहाटे चारला उठून परसातला दिवा लावी. त्याचा उजेड जाळीतून थेट खुराड्यात पडे. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी ती पदरात दोन अंडी घेऊन आली. "रमजानची बरकत!" तिनं घरभर सांगितलं. ईद झाली, पहाटेचा दिवा बंद झाला आणि अंडीही आटली.

ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "कोंबडी थंडी मोजत नाही, उजेड मोजते." डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. हा उजेड नुसता डोळ्यांनी कळतो असंही नाही. तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. १९३०च्या दशकात झाक बन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानं बदकांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही मुद्दाम दिवा लावला. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाढीव उजेड पहाटे द्या. रात्री दिवा एकदम विझला तर कोंबड्या दांडीवर चढायच्या आधीच अंधारात अडकतात. उजेड वर्तमानपत्र वाचता येईल एवढाच पुरे; पण वेळ रोज तीच हवी. चार दिवस लावला, दोन दिवस विसरला, तर कोंबडीचं गणित बिघडतं. वायर उघडी नको, दिवा भुशापासून लांब हवा. तलंगांना मात्र वयात येण्याआधी असा उजेड देऊ नये. अंगानं भरायच्या आत त्या अंड्यावर आल्या तर त्यांनाच त्रास होतो.

अंडी येऊ लागली. अम्मी मात्र गप्प होती. एका म्हाताऱ्या कोंबडीची पिसं झडत होती. तिच्याकडे बघत अम्मी म्हणाली, "सहरीला मी माझ्या मर्जीनं उठते. हिला कुणी विचारलं?"

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही अम्मीचीच बाजू घेतली. पिसं झडतात तो कोंबडीच्या विसाव्याचा काळ असतो. तेव्हा अंगातली ताकद नवी पिसं यायला लागते. एरवीही रोज रात्री निदान आठ तास अंधार हवाच.

अम्मीनं त्या म्हातारीसाठी पलीकडे, उजेड पोचणार नाही असं वेगळं खुराडं केलं. बाकीच्यांचा दिवा चालू राहिला. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं मोठा होतो. तसा तिनं पहाटेचा उजेड थोडा थोडा कमी केला. फाल्गुनात म्हातारी नव्या पिसांनी अंगणात आली. तिनं अंडं केव्हा घातलं, हे अम्मीनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.