आधी दिवा, मग कॅमेरा



आकाशवाणीकडून निरोप आला तो असा : सुट्ट्या लागतील, माणसं मालवण-तारकर्लीला समुद्रात उतरतील, बऱ्याच जणांच्या हातात छोटा डिजिटल कॅमेरा असेल, तर त्याबद्दल दहा मिनिटं बोला. माझा जन्म पदार्थविज्ञान शिकवण्यात गेला आणि सुट्ट्या पाण्याखाली, म्हणून हा विषय माझ्याकडे आला असावा. आनंदाने बोलते.

मला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, कॅमेरा कुठला घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. घरात आहे तो चालेल. त्याला बसणारं चांगलं हाउसिंग घ्या आणि उरलेले पैसे दिव्यावर घाला. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो, कारण त्याला नवा कॅमेरा घ्यायचा असतो. पण का ते सांगते.

हाउसिंग म्हणजे जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी. प्रत्येक मॉडेलची वेगळी, कारण कॅमेऱ्याच्या प्रत्येक बटणासमोर पेटीचं एक बटण यावं लागतं. बहुतेक पेट्यांवर 40 मीटर लिहिलेलं असतं. आपल्याकडे पर्यटकांना नेतात ती खोली सहसा दहा मीटरच्या आतली, म्हणजे पेटी पुरून उरते. फोनसाठी मिळणारी प्लॅस्टिकची पिशवी मात्र होडीत उडणाऱ्या पाण्यापुरती. ती घेऊन खाली जाऊ नका.

दहा मीटरवर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. पेटीचं मागचं झाकण 12 सेंटिमीटर बाय 9 धरा. करा गुणाकार. शंभर किलोच्या वर भार झाला! एवढ्या भाराने पाणी आत घुसेल असं वाटतं, पण तोच भार झाकणाला रबरी रिंगवर घट्ट दाबून धरतो. या रिंगला ओ-रिंग म्हणतात. म्हणून पेटी गळते ती बहुधा वरच, पहिल्या एक-दोन हातांत, दाब वाढायच्या आधी. आणि गळते ती कशाने? एका केसाने. वाळूच्या कणाने. टॉवेलच्या धाग्याने. रिंग काढा, बोटाने चाचपा, उजेडात बघा, सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा. ग्रीसमुळे पाणी अडत नाही, पाणी रबर अडवतं. ग्रीस रबराला जागेवर नीट बसू देतं, एवढंच. लोणी फासल्यासारखं लावलं तर त्यालाच वाळू चिकटते.

नवी पेटी पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय बुडवा. आत टिश्यू पेपर ठेवा आणि बादलीत दाबून धरा. कागद कोरडा राहिला तरच पुढचं. आणि पेटी बंद करायची ती सकाळी, खोलीवर, शक्यतो एसीच्या कोरड्या हवेत. किनाऱ्यावर बंद केलीत तर तिथली दमट हवाच आत कोंडली जाते. मग चालू कॅमेरा तापतो, पुढची काच पाण्याने गार पडते आणि आतून दव धरतं. सिलिका जेलची पुडी आत सरकवा, पण ती रिंगखाली येऊ देऊ नका.

पेटीचं इतकं पुरे. आता दिव्याकडे येते, म्हणजे माझ्या आवडीच्या जागी.

मासळी बाजारात तांबोशी पाहिली आहे ना? लाल, ताजी असली की डोळ्यांत भरते. तीच तांबोशी आठ मीटरवर खडपाच्या आडोशाला बघा. राखी, मळकट दिसते. मासा तोच आहे, पण त्याच्यापर्यंत लाल उजेड पोचलेलाच नाही. पाणी उजेड गिळतं आणि सगळे रंग सारखे गिळत नाही. पहिला जातो लाल, मग नारिंगी, मग पिवळा. उरतात हिरवा आणि निळा. खोलात बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. लाल रंगाच्या माशांचं त्यात फावतं, अंधुक पाण्यात लाल असणं म्हणजे जवळजवळ अदृश्य असणं.

आता एक साधा हिशोब, माझ्या मुलांना मी फळ्यावर घालायचे तसा. तुम्ही आठ मीटरवर आहात, मासा तुमच्यापासून दोन मीटरवर. सूर्याचा उजेड आठ मीटर पाणी कापून माशापर्यंत आला, माशावरून कॅमेऱ्यापर्यंत आणखी दोन. झाले दहा. लाल संपला. आता फ्लॅश मारा. फ्लॅशचा उजेड दोन मीटर गेला, दोन मीटर परत आला. चार मीटर पाणी. तरी लाल बराचसा संपला! म्हणून माणसं म्हणतात, फ्लॅश मारला तरी फोटो निळाच. अहो, पुढे सरका ना. अर्ध्या मीटरवर या. अर्धा जाताना, अर्धा येताना, एकूण एक मीटर पाणी. आता तांबोशी लाल दिसेल.

तर नियम काय? जवळ जा. तुमच्या आणि माशाच्या मधलं पाणी कमी करा. आणि आपण जवळ आहोत हे डोळ्यांवर विश्वास ठेवून ठरवू नका. मास्कच्या सपाट काचेतून दोन मीटरवरचा मासा दीडच मीटरवर वाटतो. तुम्हाला वाटतं पोचलो, पण पोचलेले नसता. आणखी जवळ जा.

पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो निघाले 1926 मध्ये, फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी. लाँगली आणि मार्टिन अशी दोघांची नावं. त्यांनी काय केलं, तर पाण्यावर तराफा तरंगत ठेवला, त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली आणि त्या भपक्यात खाली फोटो घेतला. पुढच्या वर्षी ते फोटो नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापून आले. सांगायचा मुद्दा, अडचण तेव्हाही कॅमेऱ्याची कमी आणि उजेडाची जास्त होती. आज तराफ्यावरचा तो भपका तुमच्या मुठीत मावतो.

पण हा उजेड टाकायचा कुठून, यात सगळी गोम आहे. पावसाळ्यात रात्री आंबोली घाट चढला असाल. धुक्यात हायबीम लावला की पुढे काय दिसतं? पांढरी भिंत. रस्ता दिसत नाही, कारण उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. आपल्या मालवणच्या पाण्यात बारीक गाळ, सूक्ष्म वनस्पती, काय काय तरंगत असतं. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून, म्हणजे समोरून मारलेला हायबीमच. प्रत्येक कण चमकतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. म्हणून दिवा कॅमेऱ्यापासून लांब, आडव्या दांडीवर, हातभर बाजूला. लेन्सच्या किंचित मागे. आणि तोंड थोडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे उजेडाची फक्त कड माशावर पडते आणि लेन्ससमोरचे कण अंधारात राहतात. जवळ जा, बाजूने उजेड टाका. दोनदा सांगितलं का? तिसऱ्यांदाही सांगेन.

दिवे दोन प्रकारचे. एक सतत जळणारा टॉर्च, व्हिडिओसाठी सोयीचा. अंधुक पाण्यात कॅमेऱ्याला फोकस धरायलाही त्याचा उपयोग होतो. दुसरा स्ट्रोब, म्हणजे बाहेरून जोडायचा फ्लॅश. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उडाला की त्याचा उजेड एका बारीक प्रकाशतंतूतून स्ट्रोबला पोचतो आणि स्ट्रोब उडतो. पेटीला भोक पाडावं लागत नाही. दिवा नसेल तर व्हाइट बॅलन्स पांढऱ्या पाटीवर किंवा वाळूवर लावून घ्या. फिल्टरही मिळतात, लक्षद्वीप-अंदमानच्या निळ्या पाण्याला लाल, आपल्या हिरवट पाण्याला किरमिजी. फिल्टर आणि दिवा एकत्र वापरू नका.

छोट्या कॅमेऱ्याला हिणवतात, ते मला पटत नाही. काही छोटे कॅमेरे तर मॅक्रोवर टाकले की लेन्स माशाच्या जवळजवळ नाकाला लावता येते. मोठ्या कॅमेरेवाल्यांना त्यासाठी वेगळी लेन्स विकत घ्यावी लागते. शंख नसलेल्या समुद्री गोगलगाई, नखाएवढ्या, जांभळ्या-पिवळ्या, खडपाच्या भेगेत असतात. देवमाशाच्या मागे लागण्यापेक्षा एका खडपासमोर अर्धा तास थांबा.

आता थोडं रागावते. मासे फोटोत यावेत म्हणून पाण्यात पाव टाकतात. पावाभोवती झुंबड होते, पर्यटक खूश, व्हिडिओ घरी जातो. अहो, पाव हे माशाचं अन्न आहे का? खडपावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारा मासा पावाची वाट बघत घिरट्या घालायला लागला, तर शेवाळ कोण खाणार? मालवणला 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. अभयारण्यात वाघाला वडापाव टाकतो का आपण? होडीत बसतानाच सांगा, पाव नको. गिऱ्हाइकानेच नको म्हटलं तर कोण टाकेल? तसंच प्रवाळाला धरून हात स्थिर करणं. आधी अधांतरी तरंगायला शिका, मग कॅमेरा घ्या. पहिल्यांदाच उतरत असाल तर कॅमेरा घेऊच नका, तुमचा प्रशिक्षक काढेल फोटो.

आणि हे महत्त्वाचं. जमिनीवर फोटो काढताना हात हलू नये म्हणून आपण श्वास रोखतो. सिलिंडर लावून पाण्याखाली तसं कधीही करू नका. कधीही नाही. दहा मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. नकळत वर सरकलात तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास चालू ठेवा, फोटो हलला तर हलला.

काचेपलीकडून खूण झाली, मिनिटच उरलंय. दिव्यांबद्दलच बोलत बसले वाटतं. राहिलेलं भराभर सांगते. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात. पेटीची दोरी मनगटात. वर आल्यावर पेटी उघडायची घाई नको. बंद पेटी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, अर्धा तास तरी, आणि पाण्यातच सगळी बटणं दाबत राहा, नाहीतर मीठ स्प्रिंगमध्ये सुकतं आणि दुसऱ्या दिवशी बटण अडकतं. मग सावलीत वाळवा, हेअर ड्रायर लावू नका, आणि केस कोरडे केल्याशिवाय पेटीवर वाकू नका, थेंब आत पडतो. बरं, नमस्कार.