मान वर करून पाहा

मनोरंजनासाठी उभारलेली उद्यानं आणि आपली जुनी देवळं, लेणी यांचा परस्परांशी काही संबंध आहे असं सहसा कुणी मानत नाही. मला तो जवळचा वाटतो. सासष्टीत लोटलीला 'बिग फूट' या नावानं ओळखलं जाणारं उद्यान १९९५पासून आहे. महेंद्र आल्वारिस यांनी तिथं शंभर वर्षांपूर्वीचं गोव्यातलं गाव प्रतिकृतींत उभं केलं. मासेमाराची झोपडी, बाजार, कारागिरांची घरं, भाटकाराचं म्हणजे जमीनदाराचं घर असं सगळं त्यात आहे. जांभ्या दगडात कोरलेली १४ मीटर लांबीची संत मीराबाईची मूर्तीही तिथलीच. त्या गावात नवल वाटावं असं बरंच आहे, पण ते दिसतं ते वाट आखून दिलेली असल्यामुळे. पाहणारा एकेका घरापाशी थांबतो, आणि एरवी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं ती वस्तू त्याच्या नजरेत भरते. बारकावे पाहण्याची सवय लावता येते, याचा हा पुरावा आहे.

आता डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचा विचार करू. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. त्यांनी त्याचं नाव आपल्या नाण्यांवरही घातलं होतं. दिवाडी बेटावरचं देऊळ पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आलं, आणि १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार आरंभला. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी तिथीवारासकट नोंद आहे. डिचोलीवर पोर्तुगिजांचा अंमल बसायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं जायची होती. देवळावर अष्टकोनी बैठकीचा बसका घुमट, त्याखाली उतरती कौलं, अंगणात उंच दीपस्तंभ. हा घुमट या देवळावर आला कसा, एवढा एक प्रश्न मनात आला तरी गोव्याच्या चार शतकांचं दार उघडतं. बहुतेक भाविक मात्र त्या लेखाखालूनच मान वाकवून आत जातात आणि तसेच परततात. साखळीजवळच्या हरवळ्याला धबधब्यापुढे गर्दी असते. जवळच जांभ्यात कोरलेल्या लेण्यांत एका लिंगावर सुमारे सातव्या शतकातल्या लिपीतली अक्षरं आहेत, तिथं क्षणभर कुणी रेंगाळत नाही.

यावर कुणी म्हणेल, देवस्थान म्हणजे करमणुकीची बाग नव्हे. अगदी खरं आहे. नार्व्याला रंगीत दिवे आणि कर्णे नकोतच. उद्यानाकडून घ्यायची ती सजावट नव्हे, माणसाला थांबवण्याची युक्ती. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. सगळं सांगून टाकलं तर शोधण्यातला आनंद उरेल का? पण कुठं पाहायचं हे सांगणं वेगळं आणि काय दिसेल हे सांगणं वेगळं. दारापाशी 'मान वर करून पाहा' एवढी पाटी पुरे. पुढचं पाहणाऱ्यावर सोडावं. गर्दी वाढली तर लेण्यांची झीज होईल ही भीती मात्र मला रास्त वाटते. जांभा सच्छिद्र दगड, हात लागून लागून तो झिजतो. म्हणून हरवळ्याला लहान गटांनीच आत जावं आणि अक्षरांना कुणी हात लावू नये, हे तिथं माणूस ठेवूनच सांभाळावं लागेल.

जानेवारी २०२३पासून मोपाच्या विमानतळावर प्रवासी उतरू लागले, आणि पेडणे हे गोव्याचं एक प्रवेशद्वार झालं. तिथून गाड्या निघतात त्या थेट किनाऱ्याकडे. पेडणे शहरातल्या भगवतीच्या देवळापुढे दोन भव्य हत्ती उभे आहेत, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. पाहुण्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण आपल्या मुलांनाही ते नीट दाखवलेले नाहीत. डिचोली, पेडण्यातल्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: यंदाची सहल पाच ठिकाणांची न करता एकट्या नार्व्याची करा, मुलांना अर्धा तास अंगणात मोकळं सोडा, आणि घुमटाचे कोन मोजून यायला सांगा.